ळ

विलायतेहून पेटी आली, काळ्या काठाच्या पत्रासकट.
टपालकचेरीत जकातीचे दोन रुपये सहा आणे मोजले,
हमालाच्या डोक्यावर देऊन
नागझरीच्या पुलावरून घरी आणली.

कारभाऱ्याचं पत्र : लॉर्ड टॅल्बरी वारले,
त्यांच्या इच्छेप्रमाणे ही वस्तू
पुण्याच्या मेहेंदले मुन्शींस.

'ले'.
इंग्रजीत दुसरं लिहिणार तरी काय.
पण चाळीस वर्षं झाली, कानाला अजून खुपतं.

तेव्हा ते लॉर्ड नव्हते.
खडकीच्या रिसाल्यातला पोरसवदा लेफ्टनंट,
बापाचा तिसरा मुलगा, कर्जात नाकापर्यंत.
मराठीची परीक्षा उतरली तर भत्ता मिळे,
म्हणून माझ्यापुढे बसायचा, बूट न काढता.
महिना पंधरा रुपये.
पंखा ओढणारा रामोशाचा पोर
ऐकून ऐकून साहेबाआधी बाराखडी शिकला.

साहेब, जीभ मागे वळवा. टाळूला लावा. सोडा.
बाल.
बाळ.
बाल.
शाला, फल, काला घोडा.
मुळेकाठच्या म्हशी मान वर करून बघत.
"मुन्शी, हे अक्षर तुम्ही आमचा छल करायला ठेवलंय."

परीक्षेत नापास. मग सरहद्दीवर रवानगी,
पठाणाची गोळी मांडीतून आरपार.
पत्र आलं : खिंडीत बर्फ, उंट मरतायत,
तोफा सुरू असताना मला तुमचं अक्षर
जवळजवळ जमलं.

जवळजवळ.

पुढे दोन्ही थोरले भाऊ गेले.
एक शिकारीत घोड्यावरून पडून,
एक कसा, ते लिहिलं नाही.
आणि आमचा लेफ्टनंट लॉर्ड होऊन
वरिष्ठ सभेत जाऊन बसला.
मिठावरच्या कराबद्दल एकदाच उभे राहिले.
हजर नऊ, त्यांतले दोन झोपलेले,
हे त्यांनीच कळवलं.
म्हणाले, पुण्याच्या बाजारात मी बायकांना
पदरात चिमूटभर मीठ उधार घेताना पाहिलंय.
मग मत द्यायची वेळ आली
आणि कराच्या बाजूने गेले.
खाल्ल्या मिठाला जागले, म्हणायचं.

शेवटी दरबार. राणीसरकारची तैनात.
या हुद्द्याला मराठीत काय म्हणाल, असं विचारलं होतं.
चार दिवस डोकं खाजवून मी लिहिलं : हुजऱ्या.
खोडलं. पुन्हा लिहिलं.
कारण माझे पणजोबा तेच होते,
शनवारात श्रीमंतांच्या मागे
पिकदाणी धरून अकरा वर्षं उभे,
आणि घरात आम्ही त्यांना
अजून दरबारी माणूस म्हणतो.

उत्तर आलं : शब्द आवडला.
इथे खोलीतून उलट पावली बाहेर पडावं लागतं.
परवा मांडीने दगा दिला, मेजाला अडखळलो.
कुणी हसलं नाही. तेच लागलं.

रणात पाठ दाखवायची नाही,
दरबारात पाठ दाखवायची नाही,
माणसाने पाठ टेकावी तरी कुठे?

पेटी उघडली. खोटं कशाला बोलू,
वाटलं होतं चांदीचं काही असेल,
घरातून कोनाड्यात जागासुद्धा झाली होती.
निघाली वही. जुन्नरी कागदाची, मीच शिवलेली.
पानोपान ळ.
काही आडवे पडलेले,
काही दोन स्वार समोरासमोर धडकल्यासारखे.
शेवटच्या पानावर शाई ताजी, हात कापरा :
मेहेंदळे.

बरोबर लिहिलंय.
पण लिहिता तर तेव्हाही येत होतं, साहेब,
तंटा जिभेचा होता.

संध्याकाळी रोजखर्चाला बसलो.
दोन रुपये सहा आणे कुठल्या खात्यावर टाकू, सुचेना.
मुलगा म्हणाला, शिकवणीत धरा.
मी 'फुटकळ' लिहिलं
आणि दिवा मालवण्याआधी
तो शब्द एकदा मोठ्याने म्हटला.